ह्यांची अक्षरं बंद पडली

३ नोव्हेंबर १९९७, सिल्वासा
घरात पुन्हा शांतता. भयंकर!

सकाळी भावेश आला. मसाटच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघतो तो. ह्यांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकून गेला. "सुलभाबेन, सरांना आता एकदम सोपं पडेल!" दुपारी चालू करायला गेले तर — चित्र येतं, क्षणभर थांबतं आणि गायब. पुन्हा केलं. पुन्हा गायब.

ह्यांनीही बटण दाबून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ह्यांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. वाचा गेली, उजवा हात गेला. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस! भाच्याने, सुमितने, मुंबईहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला, तेव्हापासून डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितात. पहिलंच वाक्य लिहिलं होतं — "चहा पांचट आहे." मी रडले होते.

४ नोव्हेंबर
भावेशने सगळं पुन्हा टाकलं. तेच! मग जुनंच परत टाक म्हटलं, तर जुन्या फ्लॉपीला बुरशी. बिचारा घामाघूम. "सॉरी हां, सर." ह्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. मला मात्र चार शब्द सुनावायचे होते. गिळले.

५ नोव्हेंबर
पाटी-पेन्सिल आणून दिली. ह्यांनी ढकलली. डाव्या हाताने अक्षर वळत नाही, आणि गचाळ अक्षर ह्यांना खपत नाही!

संध्याकाळी मी पेपर वाचत होते, तर स्वयंपाकघराकडे हात करून काहीतरी सांगायला लागले. घशातून नुसता घोगरा आवाज. पाणी हवंय? भूक लागली? चेहरा लालबुंद! उठून पाहते तर दूध उतू जाऊन ओट्यावर तळं. परत येऊन सांगितलं तर हसत सुटले. मीही.

६ नोव्हेंबर
नुसते बसून. रेडिओसुद्धा नको.

७ नोव्हेंबर
एसटीडी बूथवरून पुण्याला, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन. तिथली मुलगी गोड बोलली — "काकू, नवं टाकण्याआधी जुनं पूर्ण काढलं होतं का?"

भावेशला विचारलं. तो कान खाजवत म्हणाला, "ना... वरतीच टाकलं." म्हणजे जुन्यातलं काहीतरी मागे राहिलंय, नवं त्यालाच अडखळतंय. उद्या येतो म्हणाला. बघू. मला वाटतंय, होईल.

८ नोव्हेंबर
चालू झालं!!!

भावेशने जुनं सगळं पुसलं. एक फाईल भलत्याच जागी लपून बसली होती, तीही शोधून काढली, मग नवं टाकलं. चित्र आलं, गेलं — आणि पांढरं पान उघडलं! ह्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, "भावेश पास." तो नाचायचाच बाकी होता. "सर, डिस्टिंक्शन तो आपो, द्या ना!"

रात्री गाढ झोपलो आम्ही दोघंही.

९ नोव्हेंबर
आंघोळ झाल्यावर ह्यांना खुर्चीत बसवलं. कॉम्प्युटर चालू करायला वाकले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं.

"न... नको," म्हणाले.

म्हणाले!