चाल कोणाची

ता. ९ जानेवारी १८८८, कल्याण.

आज गुणाजी मास्तर वर्गात अगदी रडकुंडीला आले! ठाकुर्लीकडून रुळांच्या कडेने रोज चालत येणारा, आगऱ्यांच्या घरातला पहिलाच शिकलेला माणूस. गणित उत्तम शिकवतात. नदीची कविता काढली आणि हात कापू लागले. "मना नाय जमाचा, मास्तर. माजी बोली आयकून पोरा हसतात."

पुढच्या महिन्यात शाळा तपासायला ठाण्याहून डिपुटी येणार. कविताच ऐकणार. बिघडली तर गुणाजींची नोकरी गेलीच. मी म्हणालो, मी शिकवतो. मोठा आलो शिकवणारा!

ता. १३.

अन्वय सांगितला, अर्थ सांगितला. त्यांनी सारे पाठ केले. वर्गात उभे राहिले — पुन्हा दातखीळ.

चाल हवी. चाल मिळाली की भीती मोडते, हे तालुकाभर मीच सांगत फिरतो. 'हेडमास्तरांच्या चाली' म्हणून नावाजल्यात. एकही माझी नाही! संध्याकाळी मी हिला कविता वाचून दाखवी. पहाटे दळताना ही तिला चाल लावी. मी पडल्या पडल्या ऐके आणि शाळेत नेई.

नदीची चाल हिची शेवटची. आश्विनात ही गेली. त्यानंतर मी एक ओळ म्हटलेली नाही.

ता. २२.

गुणाजींना घरी बोलावून जात्यापाशी बसवले. आश्विनापासून बंद होते, धूळ झटकली. "ह्ये बायकांचा काम, मास्तर!" म्हणाले, पण बसले. हात खुंट्याला गुंतले, मग कापतील कुठून? मी चाल सांगू लागलो. दुसऱ्याच ओळीला मी अडलो. ते मात्र दळत राहिले, म्हणत राहिले. माझ्याहून चांगले म्हणतात!

जाते थांबल्यावर विचारले, "चाल कोनाची, मास्तर?"

सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला तरी!

जात्याभोवतीचे पीठ त्यांनी गोळा केले. मग म्हणाले, "बाईंनी कवा आयकली का, पोरांच्या तोंडून?"

नाही. दोनदा म्हणाली होती, "शाळेच्या मागून एकदा ऐकून येऊ का?" लोक काय म्हणतील, म्हणालो मी. लाज वाटते लिहिताना.

ता. ५ फेब्रुवारी.

ठरले. 'चाल कोणाची' हे डिपुटी दरवर्षी विचारतात. या खेपेस भर वर्गात हिचे नाव घेऊन सांगणार. उखाण्याशिवाय ते कधी ओठांवर आणले नाही. या वहीतही 'ही'च लिहीत आलो. हसोत हसणारे! गुणाजींनाही सांगून ठेवले आहे.

ता. ११.

गुणाजींनी अशी कविता शिकवली की मागची पोरेसुद्धा डोलू लागली. आवाज कापला नाही. कोणी हसले नाही. नोकरी राहिली.

"वा! चाल कोणाची?" साहेबांनी विचारले.

गुणाजींनी माझ्याकडे पाहिले. पाहतच राहिले.

"माझीच," मी म्हणालो.

ता. १२.

सुमतीची.