माघार न घेणाऱ्याचा गिअरबॉक्स

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता तुम्हाला वाकू देत असेल, अशी आशा आहे. मी, माझी बायको आणि तुमच्या-माझ्या सामाईक सासूबाई सुखरूप आहोत आणि तुमची ती घराएवढी मोटारही सुखरूप आहे (पुढचं वाचताना हे वाक्य लक्षात असू द्या).

किल्ली देताना तुम्ही बजावलं होतंत, की गिअरबॉक्सचं तेल नव्वद अंशांच्या आसपास म्हणजे तब्येत ठणठणीत, चढावर शंभर-एकशे पाच चालेल, एकशे वीस दिसलं की थांबा, आणि चढ लागताच खालचा गिअर टाका. आकडे मी पाठ केले. शेवटचं मात्र पटलं नाही. उभा जन्म मी व्यासपीठावरून माघारीविरुद्ध गर्जत आलो, आणि समोर डोंगर दिसताच खाली उतरायचं? वरच्याच गिअरमध्ये ताठ मानेने निघालो. काटा एकशे दहावर गेला. बायको म्हणाली, "अहो, खालचा टाका ना!" मी तिला इतिहासातले तीन वेढे सांगितले. तिसरा वेढा उठेपर्यंत एकशे पंधरा. मग कुठंतरी वाचलेलं आठवलं, की आतला हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते. सोडला! भर दुपारी तिघंही घामाने निथळतोय आणि मी त्यागावर बोलतोय (बोललो झकास, पण दाद शून्य). मागून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, गाडी वाचेल हो, पण मी जाते!" एकशे वीसला वळणावर थांबावंच लागलं.

तेल निवेपर्यंत सासूबाईंनी मतदान घेतलं. लोकशाहीवर माझी अढळ श्रद्धा असल्यामुळे दोन विरुद्ध एक हा निकाल मी उभं राहून स्वीकारला. बायको स्टिअरिंगवर बसली, तिने खालचा गिअर टाकला आणि निवांत माथा गाठला. काटा शंभरलाही शिवला नाही. वर म्हणते कशी, "बघा, न बोलताही चढते!"

असा अपमान मी सहन करणार नाही. गाडी परवाच आणून सोडतो.

आपला,
तत्त्वनिष्ठ साडू

ता. क. परवा नको. आणखी आठवडाभर गाडी ठेवू का? बायको ती चालवताना गुणगुणते. घरी मी हे कधी ऐकलं नव्हतं (मी बोलत असायचो).

आणखी एक ता. क. तिला मात्र फोन करून सांगा, की आठवडाभर गाडी ठेवा हे तुम्हीच आपणहून सुचवलंत. मी तत्त्वतः अजून रुसलेलोच आहे.