बोटांखालची पृथ्वी

९ जानेवारी

मोठ्या बाईंनी सही केली — एकदाची! आमच्या दहावीच्या मुली यंदा इतिहास-भूगोलात नकाशाचा प्रश्न सोडवणार. आजवर अंध मुलींना त्याऐवजी एक टिपण लिहायला मिळायचं. ती सवलत आम्ही लेखी सोडली. हाताला लागेल असा उठावाचा नकाशा मंडळ पुरवणार आहे.

सही करताना मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या उत्साहापायी पोरींचं वर्ष जायला नको." म्हटलं, जाणार नाही. सवलत म्हणजे काय तर तुला जग दिसत नाही, तेव्हा तू टिपण लिही आणि गप्प बस. मला हे पटतच नाही. नाईल कुठून कुठे वाहते हे बोटाला का कळू नये?

घरी सांगितलं. बाबांनी शिलाई थांबवून खणातलं दातेरी चाक काढून दिलं — कापडावर खुणा उठवायचं. "घे. बाप माणसांची मापं घेतो, लेक पृथ्वीचं घेतेय." आई पुटपुटली, पदवी घेतलीस तेव्हा वाटलं होतं की शिवणकामातून सुटलीस. त्यावर दादा — "सुटली कसली, आता अख्ख्या जगाला टाके घालणार ती."

१६ जानेवारी

नकाशे झाले, प्रत्येकीला स्वतःचा. आधी जाड कागदावर नकाशा गिरवायचा, मग रेषांवरून चाक फिरवायचं, मग कागद उलटायचा. मागे ठिपक्यांचे किनारे उठलेले असतात. पांढऱ्यावर पांढरं, डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. बोट ठेवलं की समुद्र संपून जमीन लागते. हाताची आग होतेय. होऊ दे.

२१ जानेवारी

एक ठरवलंय. कुणाचंही बोट धरून न्यायचं नाही. मी नेलं तर ते माझं शिकणं होईल, त्यांचं नाही. मी छापील नकाशा घेऊन वर्गासमोर उभी राहते आणि आकार सांगते.

"वरच्या अंगाला एक बूट शोधा. समुद्रात पाय सोडून बसलाय."

बराच वेळ नुसती कागदांची खसखस. मग चिमणी म्हणाली, "सापडला बाई. टाचसुद्धा आहे ह्याला!"

चिमणी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून थट्टेने तिचं हे नाव. आज मोठ्याने बोलली. तिचा भाऊ मागे सांगून गेलाय — नापास झाली तर वसतिगृहातून घरी नेणार, पुन्हा शाळा नाही. मुलगी अगदी काठावर आहे. पण तो बूट सगळ्यांच्या आधी तिलाच सापडला.

४ फेब्रुवारी

दोन नद्यांमधला मुलूख झाला, नाईल झाली, सिंधू झाली. पिवळी नदी उद्या. चार संस्कृती, चार पाणवठे. मुलींना हे फार आवडलं की माणसं आधी पाण्याजवळ बसली आणि मग शहाणी झाली.

वकीलबाईंनी आज अडवलं. एवढीशी पोर, पण उलटतपासणी अशी की अख्खी शाळा तिला वकीलबाई म्हणते.

"बाई, पूर्व उजव्या हाताला ना?"

"हो."

"आणि सिंधू नाईलच्या पूर्वेला?"

"हो."

"मग ती माझ्या डाव्या हाताला का लागते?"

"आधी तुझं डावं-उजवं पक्कं कर."

"पक्कं आहे. जेवताना घास कधी कानात गेलेला नाही माझा."

सगळा वर्ग हसला. तिच्या शेजारणीने समजूत काढली — अगं, बाई आपल्याकडे तोंड करून उभ्या असतात, त्यांचं उजवं ते आपलं डावं. मला अजून पिवळी नदी गाठायची होती. म्हटलं, फाटे फोडू नकोस, आत्ता पाठ कर.

पाठ कर! हे मी म्हटलं. शाळेत मला कुणी हेच म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

२० फेब्रुवारी

चिमणीने आज पोर्तुगीज जहाज आफ्रिकेला वळसा घालून पार पलीकडच्या किनाऱ्याला लावलं. बोट कुठेही अडखळलं नाही. मला रडू आवरेना. बरं झालं, त्यांना दिसत नव्हतं. चिमणी म्हणाली, "बाई, सर्दी झाली का?"

२ मार्च

देवा.

सकाळी खिडकीशी उरलेला एक नकाशा उभा ठेवला होता. उन्हं तिरपी आली आणि प्रत्येक ठिपक्याची सावली पडली. मी पहिल्यांदाच तो डोळ्यांनी पाहिला.

आफ्रिकेचा फुगवटा उजवीकडे. बुटाचं टोक भलतीकडे. चीन डावीकडच्या कडेला.

अख्खी पृथ्वी उलटी. पुढून टोचलं तर मागे उठतं ते उलटंच उठणार. चाक फिरवण्याआधी नकाशा उलटा गिरवायला हवा होता. आणि माझ्या मुली रोज तेच तर करतात! ब्रेलच्या पाटी-टोचणीने कागदाच्या मागून लिहितात, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं, म्हणजे कागद फिरवला की सुलट लागतं. मी ब्रेलच्या यंत्रावर टाइप करते. त्यात ठिपके सरळ वर येतात. टोचणी मी कधी हातात धरलीच नाही.

वकीलबाई बरोबर होती. महिनाभर बरोबर होती.

बोट धरणार नाही म्हणे! एकदा जरी कुणाचं बोट धरलं असतं, तरी त्याच दिवशी कळलं असतं.

३ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "बसा." मग मंडळाला फोन लावला, सवलत परत मिळेल का म्हणून. पलीकडचा कारकून इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "लेखी सोडलीत ना? मग आता काय? पाकिटं सीलबंद होऊन केंद्रांवर गेली."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "काठावरची एकटी चिमणीच आहे. बाकीच्या तरतील."

मला त्या "एकटी"पुढचं काही ऐकू आलं नाही.

४ मार्च

मुलींना सांगितलं. मग वकीलबाई, अगदी हळू — "मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, पाठ कर."

"हो."

"केलंय आता. पुसू कसं?"



७ मार्च

नवे नकाशे केले, ह्या वेळी उलटे गिरवून. बोटांची सालं निघाली, बाबांनी चिंधी बांधून दिली. आई दारात उभी राहून बघत होती. दादासुद्धा चेष्टा करेनासा झालाय. त्यांना वाटतं मला नोकरीची काळजी आहे.

उपयोग शून्य. आधी निदान एक जग होतं, आता दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांत मिसळलीत. चिमणीचं जहाज आज वाळवंटात चढलं. ती हात मांडीत घेऊन बसली. "डोक्याला कळतंय बाई. बोटं ऐकत नाहीत."

मी इतिहास का घेतला? कारण आमच्या घरात आजोबांच्या मागे काहीच ठाऊक नाही, आणि मला हवं होतं की कुणीतरी मागे वळून हजारो वर्षं बघावीत. फार मोठं वाटायचं ते. आता वाटतं, मी टिपणच लिहायला लावलं असतं तर ही मुलगी पास झाली असती. टिपणं तिला सगळी येतात.

८ मार्च

चिमणीच्या भावाने पेटी बांधून ठेवायला सांगितलंय. पास झाली तर परत आणतो म्हणे.

१० मार्च

पेपर झाला.

मी फाटकाबाहेर उभी होते. मुली एकमेकींचा खांदा धरून आल्या. वकीलबाईने माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "बाई, कागद गुळगुळीत होता."

मंडळाने छापील नकाशा पाठवला होता. शाईचा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला तरी काही लागेना. पर्यवेक्षक म्हणाले, हाच आलाय, सोडवायचा तर सोडवा, नाहीतर पुढचा प्रश्न घ्या.

वकीलबाई उठून उभी राहिली. "मग कोरा कागद द्या. नकाशा आम्ही काढतो." हे ऐकून बाकीच्यांनीही मागितला. खाली रुमालाची घडी आणि हातात टोचणी.

"मागून टोचायचं म्हणजे उलटंच काढायचं ना बाई? तेच तर पाठ होतं."

कागद फिरवला तर सिंधू उजव्या हाताला. पूर्वेला. चिमणीने चारही नद्या टोचल्या, बूट टोचला, आणि विचारला नव्हता तरी आफ्रिकेचा वळसासुद्धा. ती सांगत होती आणि तिचं बोट हवेत फिरत होतं, मी बघत होते, कुठेही अडखळलं नाही.

कागद जोडून घेताना पर्यवेक्षक म्हणाले म्हणे, "हे काय, कोरेच देताय?"

उद्या ते गठ्ठे जातील. उत्तरं लेखनिकांनी शाईने लिहिलीत, तेव्हा तपासणारा डोळस असेल. त्याच्यापुढे पांढरा कागद येईल.

हात लावून बघेल का तो?