टूहीचा जड कोट

फॉइन्स, आयर्लंड
४ जून १९४३

प्रिय युनाताई,

वर्षभर तुला पत्र नाही, माफ कर. हेही पेटीत टाकणार नाही. युद्धात टपाल फोडून वाचतात.

इंग्लंडला जाणाऱ्या उडत्या बोटीत, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानात, बसण्याआधी प्रवाशांचं वजन करणं आणि बॅगा उघडून पाहणं हे माझं काम. आज एक हसरा गृहस्थ कुजबुजला, "बाई, त्या टूहीकडे बघा. माणूस काडी अन् कोट पोतं!"

टूही परवा इंग्लंडहून आला तेव्हाच्या नोंदीपेक्षा नऊ पौंड जास्त भरला. मी पहारेकऱ्याला बोलावलं. कोटाच्या अस्तरातून लोणी निघालं; इंग्लंडात ते रेशनवर मोजून मिळतं, म्हणून इथून चोरून नेतात.

"बायको तिकडे इंग्लंडात इस्पितळात आहे हो, उद्या ऑपरेशन," टूही म्हणाला. "लोणी तुम्ही खा, पण मला जाऊ द्या!"

चौकशी संपेपर्यंत विमान उडालं. पुढचं परवा. टूही अजून धक्क्यावर बसून आहे.

त्याची जागा कुणाला मिळाली, सांगू? त्या हसऱ्यालाच; तो जागेसाठीच ताटकळत होता. आणि त्याची बॅग मी उघडली नाही. मदत करणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा, असं वाटलं. आता त्या बॅगेत काय असेल, याखेरीज काही सुचत नाही. बोलले तर नोकरी जाईल.

तुझी,
हॅना

उद्या: ती बॅग मी उघडली नाही, हे साहेबांना सांगायचं.