कुसुमला गेलेला मेल

गुरुवार, संक्रांतीनंतर

कॉम्प्युटरचा प्रोग्राम मीच लिहिला, त्याला मेल पाठवायची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड, जोडली आणि दुपारी मंडळातल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाची आमंत्रणं धाडली. पडद्यावर प्रत्येक नावापुढे ‘पाठवले’ उमटलं. कुसुमच्याही.

संध्याकाळी धाकट्या जावेचा, शालिनीचा फोन. “अय्यो अक्का, यादीतून कुसुमचं नाव काढायला विसरलात की हो! यजमान जाऊन वर्षही झालं नाही तिचे.”

“विसरले नाही. मुद्दाम ठेवलंय.”

“सुम्ने, उगाच कशाला दुखवायचं तिला?”

दुखवायचं म्हणे! नवरा गेला म्हणून जिवाभावाच्या मैत्रिणीला वगळायचं, ते दुखवणं नव्हे? कॉन्व्हेंट शाळेत आमच्या नन्सनी पुष्कळ काही शिकवलं, हा अडाणीपणा नाही. फोन आपटला.

पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कुसुमचं उत्तर का नाही? लायब्ररी ‘पाठवले’ एवढंच सांगते. पोचलं का, वाचलं का, वाचून डोळ्यांत पाणी आलं का, ते तिला कुठलं कळायला?

आत्ता उत्तर आलं. “मशीननं चुकून पाठवलं असेल. काळजी करू नकोस, मी येणार नाही.”

चुकून! माझं धाडस यंत्राच्या खात्यावर गेलं. आणि ‘पाठवले’ बघून मी खूश होते. हे आमंत्रण घरी जाऊन, कुंकू लावून करायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं का?

उद्या सकाळीच करंडा घेऊन विजयनगरला तिच्या घरी जाते. तिनं कपाळ पुढे केलं नाही तर? नाही करू दे. चुकून आले, असं तरी म्हणता येणार नाही तिला.