सुलूची चार वाक्यं

७ एप्रिल १९५३, मंगळवार

नववीला अजून तोच धडा. 'आय विश' आणि 'इफ'. सांगितलं, जे नाही ते असतं तर काय झालं असतं, ते लिहा. सगळ्या वर्गाला पक्षी व्हायचंय! एकीने लिहिलंय, मी पक्षी असते तर आईला स्वयंपाकात मदत केली असती. तपासता तपासता डोकं उठलं.

८ एप्रिल

रविवारी सुलूला बघायला येणार. मुलगा दिवाकर, सचिवालयात ऑफिसर. उन्हाळ्यापुरत्या कचेऱ्या ग्वाल्हेरहून इंदूरला आल्या, तसा तोही आला; तुकोगंजात राहतो. त्याच्या आईचा निरोप — मुलीला चार वाक्यं इंग्रजीत बोलता यायला हवीत. अण्णा म्हणाले, तू मास्तरीण ना, मग धाकटीकडून घटवून घे.

सुलूला मेडिकलला जायचंय. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिला विचारतो कोण? मलाही नवीन काही काढायचा कंटाळा. शाळेतलाच धडा दिला — मला गाता येत असतं तर, वगैरे.

१० एप्रिल

सुलू मुकाट्याने घोकते. आई खजरान्याच्या गणपतीला नवस बोलून आली.

१२ एप्रिल, रविवार

आले आणि गेले. अशा वेळी विधवेने समोर येऊ नये, म्हणून मी आत. पण सुलू अडली तर सांगायला कुणी हवं, म्हणून दाराआड बसवलं. सोयीपुरती मी चालते!

पोहे झाले. मुलाचे मामा म्हणाले, "हां बेटा, आता जरा अंग्रेजी होऊन जाऊ दे."

सुलूने मी शिकवलेलं सगळं सोडून दिलं. मुलाकडे बघत म्हणाली, "आय विश समवन हॅड आस्क्ड मी. इफ दे हॅड, आय वुड हॅव सेड नो."

मला कुणी विचारायला हवं होतं. विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.

मामा खूश. "काय फर्राटेदार बोलते हो भिया!" मुलाची आईही हसली. दिवाकरचा चहा मात्र तसाच राहिला. अण्णांकडे बघायचा मला धीर झाला नाही. त्यांचं इंग्रजी होळकरांच्या कचेरीतल्या टिपणांचं. बोललेलं कळत नसावं. कळलं असलं तर आम्हा दोघींची धडगत नाही.

पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला तिचा हेवा जास्त वाटला. सतराव्या वर्षी मी खाली मान घालून बसले होते. विसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन परत आले. शिकले ती त्यानंतर.

१५ एप्रिल

मामा येऊन सांगून गेले — पत्रिका जुळत नाही, एक नाड आहे. पत्रिका तर पाडव्यालाच जुळली होती! म्हणजे मुलाने समजून घेतलं, आणि सुलूवर बोल येऊ दिला नाही. भला माणूस. आई दिवसभर रडली.

१६ एप्रिल

सकाळी मेथी निवडत होते. अण्णा समोर येऊन बसले. म्हणाले, सुलूला मेडिकलची चौकशी करायला सांग. रविवारी ती काय म्हणाली ते तेव्हाच कळलं होतं मला.

उठले नाहीत. मेथीची एक काडी हातात घेऊन म्हणाले, "यशू, तुझ्या वेळी तुला विचारलं असतं, तर?"

मी मराठीतच सांगितलं — नाही म्हटलं असतं.