डाव्या चाकाचा लांब बोल्ट

१८ जुलै

भाऊजी,

नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. नात्यानं मी मोठी आणि वयानं तुम्ही, हा घोळ माझ्या लग्नापासून सुटलेला नाही. हवं ते ठेवून घ्या.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्हाला धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, वाईट बातमी नाही. आम्ही ठीक आहोत. माझं शिवणकाम चालू आहे. सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो. यांना खोकला आहे. बाकी काही नाही.

लिहिण्याचं कारण म्हणजे बोल्ट. हसू नका.

यांनी बाबांची गाडी उघडलीय. मागच्या शेडमधली ताडपत्री त्यांनी एका सकाळी ओढून काढली, तेव्हा मला वाटलं विकायचं मनात आलं असेल. पण त्यांनी स्टूल मागितलं, पान्यांची पेटी मागितली आणि मला म्हणाले, "तुझे बटणांचे डबे रिकामे कर." माझ्या डब्यांत आता बोल्ट आहेत. दाराचे एका डब्यात, इंजिनाचे दुसऱ्यात, पुढच्या चाकांचे तिसऱ्यात. पाना मी फिरवते. हे स्टुलावर बसून सांगतात. मी विचारलं, तुम्ही का नाही फिरवत, तर म्हणाले, "तुझ्या हाताला जोर आहे, कात्री चालवून चालवून." मला ते कौतुक वाटलं.

मला आता बोल्ट ओळखता येतात. कारखान्यातून गाडीबरोबर आलेल्यांचं टोक निमुळतं असतं आणि डोक्यावर एक अक्षर असतं. नंतर बसवलेल्यांचं टोक सपाट आणि डोक्यावर तीन रेघा. सगळे आटे इंचातले. आजकाल दुकानात बहुतेक मिलिमीटरचेच मिळतात. यांनी मला शिकवलंय, "नट नेहमी बोटानं फिरवून बघ. दोन आटे गेले आणि अडला, तर जोर लावू नकोस. ते स्थळ जुळत नाही."

परवा आम्ही दोघं दुकानात गेलो होतो. दुकानदारानं पुढ्यात चमकणारे बोल्ट ओतले. म्हणाला, "हे न्या काका. स्टेनलेस. जन्मात गंजायचे नाहीत."

हे म्हणाले, "गंजायचे नाहीत, पण ताण आला की मान टाकतील. मला चाकाला दागिने घालायचे नाहीत."

"शोभेची गाडी आहे ना? कोण पळवणार आहे?"

"मी पळवणार नाही," हे म्हणाले, "पण बोल्टाला ते कळत नाही." मग खोकल्याची उबळ आली आणि त्या भल्या माणसानं यांना आतल्या गोणीवर बसवून पाणी दिलं. आम्ही साधे, काळसर, तीन रेघांचे बोल्ट घेऊन आलो. नट जुने वापरायचे नाहीत, वॉशर तर मुळीच नाहीत, असा यांचा हुकूम आहे. एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा तसा धरत नाही म्हणे.

अडलंय ते एकाच ठिकाणी. पुढच्या डाव्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणारी जी दांडी आहे, ती दोन बोल्टांवर असते, एक आखूड आणि एक लांब. आखूड मिळाला. लांब कुठेच मिळत नाही. जुन्याचा आत अडकलेला तुकडा लेथवाल्या काकांकडून काढून आणला. त्याबद्दल पुन्हा कधी. पण डोक्याकडचा भाग नसल्यानं लांबी कळत नाही. हे एवढंच पुटपुटले, "छोट्याला माहीत असणार," आणि विषय बदलला. म्हणून मी लिहितेय. यांना माहीत नाही.

तुम्हाला लिहायला हाच विषय सापडला याचं वाईट वाटतं. पण माप आठवत असेल तर दोन ओळी टाका. दुसरं काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

तुमची वहिनी


९ सप्टेंबर

भाऊजी,

नमस्कार. पार्सल मिळालं.

आत चिठ्ठी नव्हती. मीच तसं लिहिलं होतं, तेव्हा तक्रार नाही. बोल्ट कागदात गुंडाळलेला होता आणि त्या कागदाला ग्रीस लागून लागून तो पिवळ्याचा तपकिरी झाला होता. घडी उलगडताना फाटला. मला वाटलं, दुकानदारानं जुन्या रद्दीत बांधून दिला असेल.

यांनी मात्र बोल्टाआधी कागद हातात घेतला. कोपऱ्यात दुकानाचा शिक्का होता, तो खिडकीशी नेऊन वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा आत्ता घेतलेला नाही. हा तेव्हा मागवलेला आहे. नंतर आला असणार."

त्यानंतर ते जेवले नाहीत. मी तुम्हाला लिहिलं म्हणून रागावतील असं वाटलं होतं, पण रागावलेही नाहीत.

बोल्ट तंतोतंत बसला. यांना तो स्वतःच्या हातानं आवळायचा होता. पाना लावला, एक फेरा दिला, आणि तसेच पान्यावर हात ठेवून जमिनीवर बसून राहिले. श्वास लागला होता. उरलेला मी आवळला. हे म्हणत होते, "अजून. अजून थोडा. बास, आता आटे मरतील."

तब्येतीचं मागच्या पत्रात लिहिलं त्याहून थोडं जास्त आहे. फुप्फुसांचं आहे. औषध चालू आहे. तुम्ही काळजी करू नका असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

गाडी उभी राहिली की यांना तुमच्याशी बोलायचंय. काय, ते मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही. "ते मी सांगणार," असं यांनी मला बजावलंय. तुम्ही फोन उचलाल ना?

तुमची वहिनी


३ डिसेंबर

भाऊजी,

हे गेल्याचं मी तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही फोनवर "बरं" म्हणालात. मग "येणं जमणार नाही," म्हणालात. घर माणसांनी भरलेलं होतं, मला पुढे बोलता आलं नाही. तुम्हाला दोष देत नाही. या घरातून तुम्हाला जे मिळालं होतं, त्या मानानं "बरं" हा शब्द पुष्कळ मऊ होता.

आता माणसं गेली. शेजारच्या बाई दुपारी येऊन बसतात, त्याही हळूहळू येईनाशा होतील. काही गोष्टी आहेत त्या तुम्हाला कळायला हव्यात. त्या सांगायचा मान माझा नव्हता. ज्याचा होता तो सांगायचा राहिला.

बाबा गेले त्या दिवशी अंगणात काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच, पण मीही तिथे होते, म्हणून जसं झालं तसं लिहिते. गाडी वळणावरून खाली गेली होती. डावं चाक वळलंच नव्हतं. बघून आलेल्यांनी सांगितलं, स्टिअरिंगचा बोल्ट तुटला. तुम्ही थोड्याच दिवसांपूर्वी पुढचे बोल्ट बदलले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हे तुम्हाला म्हणाले, "कुठले स्वस्तातले बोल्ट घातलेस?" तुम्ही म्हणालात, "तो मी बदलला नव्हता. लांब बोल्ट मिळाला नव्हता, मागवला होता. बाबांना सांगितलं होतं, तो येईपर्यंत गाडी काढू नका." आणि हे म्हणाले, "मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

 त्या रात्री तुम्ही जेवायला नव्हतात आणि सकाळी घरात नव्हतात.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं, पण यांनी दार उघडून सगळं ऐकलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी ताडपत्री ओढली. गाडी नीट करायची म्हणून ओढली नव्हती हे मला उशिरा कळलं. त्यांना तो बोल्ट बघायचा होता. इतकी वर्षं तो तुकडा त्या भोकात अडकून होता, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे, आणि कुणी बाहेर काढून बघितला नव्हता. मला वाटतं, बघायची त्यांची हिंमत नव्हती.

लेथवाल्या काकांनी तुकडा सोडवला, रॉकेलनं धुतला आणि यांच्या तळहातावर ठेवला. टोक निमुळतं होतं. कारखान्याचाच बोल्ट, गाडीइतका जुना. काकांनी तुटलेली बाजू दाखवली. अर्धी काळी, अर्धी फिकट. काका म्हणाले, "काळी बाजू जुनी आहे. ही चीर बरेच दिवस आत वाढत होती. उरलेलं एका झटक्यात गेलं." त्याच दांडीत त्याला लागून आखूड बोल्ट होता, तुम्ही घातलेला, सपाट टोकाचा, डोक्यावर तीन रेघा. तो पार वाकला होता, पण तुटला नव्हता.

यांनी त्या वाकलेल्या बोल्टावरून बोट फिरवलं. मग काकांना विचारलं, "हा वाकला, म्हणजे शेवटपर्यंत यानंच धरून ठेवलं?"

काका म्हणाले, "एकट्यानं किती धरणार."

घरी येताना वाटेत मी म्हटलं, "आता फोन करा." म्हणाले, "असा मोकळ्या हातानं नाही. गाडी उभी करतो, मग बोलावतो." म्हणून ते बोल्ट, ती दुकानं, तो खोकत खोकत केलेला सगळा खटाटोप. एकेक नट ते उजेडात धरून बघायचे. एका वॉशरला बारीकसा चरा होता म्हणून अख्खा पुडा परत करायला लावला. मला वाटायचं हा माणूस गाडी जुळवतोय. खरं तर तो दिवस ढकलत होता. एक बोल्ट मिळाला की दुसरा राहिलेला असायचा, आणि तो राहिलेला असेपर्यंत फोन करायला लागत नव्हता. तुमचं पार्सल आलं आणि तीही सबब संपली.

ऑक्टोबरात एका दुपारी तुम्हाला एक फोन आला असेल. तुम्ही "हॅलो" म्हणालात, पुन्हा म्हणालात, "कोण बोलतंय?" विचारलंत. पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेत होतं, जड. तो फोन आमचा होता. तुमचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांनी ऐकला आणि त्यांना शब्द फुटेना. मी फोन मागितला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तुम्ही लगेच ठेवला नाहीत. बराच वेळ तुम्हीही नुसते थांबला होतात. मग ठेवलात. तुम्ही ओळखलं होतं का, हे मला विचारायचं होतं, पण आता नकोच.

हे म्हणाले, "उद्या करतो. उद्या बरं वाटेल." उद्या बरं वाटलं नाही. हॉस्पिटलात तोंडावर नळी होती. एकदा त्यांनी ती बाजूला केली, मी कान जवळ नेला. मला वाटलं आता तुमच्यासाठी काही सांगतील. म्हणाले, "शेडला कुलूप लाव." एवढंच. त्यातून मी काही अर्थ काढायला जात नाही, तुम्हीही काढू नका. ते खरंच कुलपाबद्दल बोलत होते.

गाडी मी दिली. घेणारा तरुण आहे, सज्जन आहे. त्यानं वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "काम नीट केलंय कुणीतरी." मग म्हणाला, त्याला फक्त वरचं अंग हवंय. इंजिन नवं घालणार, चाकं, स्टिअरिंग, पुढचा सगळा भाग नव्या पद्धतीचा. मी विचारलं, "आणि हे जे आत्ता बसवलंय ते?" तो म्हणाला, "काकू, ते भंगारात जाईल. ठेवून काय करायचं?" मी म्हटलं, बरोबर आहे. तो ओढून नेत होता तेव्हा मी दारात उभी राहिले नाही.

माफी मागायला मी हे पत्र लिहिलं नाही. यांची माफी माझ्या तोंडून आली तर ती तुमच्या काही कामाची नाही, हे मला कळतं. त्यांना ती मागायची होती, असं लिहावंसं वाटतं. पण त्यांच्याकडे वेळ होता, फोन होता, पलीकडे तुम्ही थांबलाही होतात, आणि त्यांनी ती मागितली नाही. खरं एवढंच आहे. मी त्यांच्याबरोबर संसार केला, तेव्हा मला त्यांची कीव येते. तुम्हाला यायला हवी असं नाही.

बाबा तुमच्यामुळे गेले नाहीत. तुमच्या भावाला हे शेवटच्या वर्षी कळलं होतं आणि ते कुणालाही न सांगता तो गेला. ज्या माणसांनी त्या दिवशी अंगणात तुमच्याकडे बघितलं होतं, त्यांतलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यामुळे हे मी कुणाला जाऊन सांगू, तेही कळत नाही. तुम्हालाच सांगते, आणि तुम्हाला तर ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

या, असं लिहीत नाही. कुणाकडे येणार? उत्तर लिहायलाच हवं असं मुळीच नाही.

जपून राहा.

ज्या घरानं तुम्हाला परत बोलावलं नाही,
त्या घरात उरलेली,
वहिनी